वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोच्या जुन्या पानांवरची चित्रनावं

गेल्या अंकात अझ्टेक राजांच्या नावांची चित्रं दिली आणि त्यानंतर या सदरासाठी दुसऱ्या विषयावरची पत्रंच आली नाहीत. म्हणून या वेळचं सगळं सदर चित्रनावांना. एक विनंती करते. उत्तरं वाचताना नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांच्या भाषेतले, शब्द जमतील तसे मोठ्याने म्हणा. शब्दाच्या शेवटी येणारा 'त्ल' हा एकच आवाज आहे. जीभ 'त'च्या जागी टेकवायची आणि हवा जिभेच्या कडांनी सोडायची. मागून 'अ' लावायचा नाही. मेक्सिकोत आजही दहा लाखांहून जास्त माणसं ही भाषा घरात बोलतात, त्यामुळे आपण मेलेल्या भाषेबद्दल बोलत नाही आहोत, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : पाठीवर काळ्या सुऱ्या उगवलेला साप, आणि खाली 'राजा इत्सकोआत्ल'. साप हे त्याच्या घराण्याचं चिन्ह होतं का? की राजा क्रूर होता असं चित्रकाराला सुचवायचं होतं? (इतिहासाचे एक शिक्षक)

सर, ते त्याचं नाव आहे. नुसतं नाव. चित्रकाराने स्वभावावर काही टिप्पणी केलेली नाही.

'इत्स्त्लि' म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी काळी काच, ऑब्सिडियन. तिची पाती वस्तऱ्यासारखी धारदार असत. 'कोआत्ल' म्हणजे साप. आता दोन्ही जोडा. आपण 'राजाचा पुत्र'चा समास करतो तेव्हा मधला 'चा' गळतो. नाहुआत्लमध्ये पहिल्या शब्दाच्या शेपटीचा 'त्लि' किंवा 'त्ल' गळतो. उरतं इत्स-कोआत्ल, काचपात्यांचा साप. १४२७ ते १४४० या काळात तेनोच्तित्लानवर, अझ्टेकांच्या राजधानीवर, राज्य केलेल्या राजाचं हे नाव. मेंडोसा हस्तलिखितात ते तुम्ही पाहिलंत तसंच काढलंय. हे हस्तलिखित १५४१च्या सुमारास मेक्सिको शहरात तयार झालं आणि १६५९पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

इथवर सोपं आहे. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या एका पानावर आहे आणि ते मला राजाच्या सापापेक्षा जास्त आवडतं.

मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या तेत्सकोको शहराजवळ तेपेत्लाओस्तोक नावाची वस्ती आहे. १५४०च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांची घरं, माणसं आणि जमिनी यांची मोजणी झाली. त्या मोजणीचं एक हस्तलिखित वेर्गारा या नावाने ओळखलं जातं आणि ते पॅरिसला आहे. त्यात एका माणसाचं नावही इत्सकोआत्ल आहे. राजा नव्हे, मोजणीत नोंदलेला गावकरी. त्याच्या डोक्यापाशी साप शोधाल तर सापडणार नाही. तिथे काचेची पाती आहेत, एक मडकं आहे आणि पाणी आहे.

मडकं आणि पाणी कशाला? मडकं म्हणजे 'कोमित्ल', त्यातला 'को' घेतला. पाणी म्हणजे 'आत्ल', त्यातला 'आ' घेतला. इत्स, को, आ. म्हणा बरं एका दमात. सापाचं चित्र न काढता लिहिणाऱ्याने सापाचा शब्द लिहिला. मडक्याचा त्या माणसाशी काडीचा संबंध नाही. तो कुंभार नव्हता आणि त्याच्या घरी पाण्याचा सुकाळ होता असंही नाही.

ओबँ या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात ही दोन रूपं शेजारी ठेवून दाखवली. त्यावरून सिद्ध झालं की ही चित्रं नुसती बघायची नसून उच्चारायची आहेत. तेत्सकोको भागातले लेखक अशी ध्वनिचिन्हं विशेष मोकळ्या हाताने वापरत, हे अल्फोन्सो लाकादेना यांनी २००८ मध्ये बारकाईने मांडलं. मी स्वतः या मडक्यापाशी पहिल्यांदा आले तेव्हा पान बाजूला ठेवून तीनदा 'इत्सकोआ' म्हटलं होतं. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी ज्या आवाजात त्याला हाक मारली, तो आवाज मडक्यात तसाच होता.

प्रश्न : अशायाकात्ल राजाच्या चित्रात चेहरा आणि त्यावर वाहतं पाणी आहे. हा रडणारा राजा का? माझ्या मुलीने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

मुलीला सांगा, तो रडत नाहीये. 'आत्ल' पाणी, 'शायाकात्ल' चेहरा किंवा मुखवटा. दोन्ही मिळून आ-शायाकात्ल. १४६९ ते १४८१ हा त्याचा राज्यकाळ.

आणि तिला ही गंमतही सांगा की 'अशायाकात्ल' हे मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या तळ्यांवर राहणाऱ्या एका छोट्या पाणकिड्याचंही नाव आहे. त्याची अंडी लोक गोळा करून खातात. म्हणजे राजाचं नाव उच्चारलं की ऐकणाऱ्याला तो किडाही आठवू शकत होता. चित्रात मात्र किडा नाही, पाणी आणि चेहरा आहे. चित्रावरून अर्थाकडे थेट उडी मारली की माणूस असा हमखास चुकतो. आधी शब्द हाती येऊ द्यावा, अर्थ मग बघावा.

प्रश्न : एका गावाच्या नावात लव्हाळ्यांखाली माणसाचं कमरेखालचं उघडं शरीर काढलंय. हे शत्रूच्या गावाची थट्टा म्हणून का?

थट्टा नाही, उलट लाड आहे. तुम्ही पाठवलेलं चित्र तोलान्त्सिंकोचं, म्हणजे आजच्या तुलान्सिंगोचं. शरीराच्या त्या भागाला नाहुआत्लमध्ये 'त्सिन्त्लि' म्हणतात. आणि '-त्सिन' हा प्रत्यय लावला की शब्दाला 'लहानसं, लाडकं' किंवा 'आदरणीय' असा रंग येतो. आता प्रत्ययाचं चित्र कसं काढणार? ज्याचा आवाज तोच आहे अशी वस्तू काढायची. आपल्याकडे 'मान' म्हणजे गळ्यामागचा भाग आणि 'मान' म्हणजे आदरही. एखाद्याला 'मान दिला' हे चित्रात लिहायचं असतं तर आपणही मानच काढली असती आणि ती बघून कोणी हसलं नसतं. त्याच हिशेबाने गावांच्या नावांत येणाऱ्या '-त्लान'साठी दात काढतात, कारण दात म्हणजे 'त्लान्त्लि'.

हाच '-त्सिन' माणसांच्या नावांनाही आदरार्थी लागतो. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसची दुभाषी झालेली स्त्री आठवते? बाप्तिस्म्याचं नाव मारीना. नाहुआत्लमध्ये 'र' नाही, म्हणून मालिना. आदराने मालिन्त्सिन. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं मालिंचे झालं. आपल्या लोकांनी दिलेला मान परक्यांच्या उच्चारात विरघळून गेला, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

प्रश्न : मोतेकुसोमा दोन झाले. एकदा मुकुट दिसतो, एकदा बाण लागलेलं आकाश. कोणतं कोणाचं?

मुकुट, म्हणजे पिरोजा खड्यांचा टोकदार पट्टा, हा 'तेकुत्लि'साठी, म्हणजे 'स्वामी'साठी. मो-तेकु-सोमा या नावाचा तो मधला तुकडा आहे, त्यामुळे तो दोघांनाही चालतो. आकाश आणि बाण हे फक्त थोरल्याचं, १४४० ते १४६९ या काळातल्या राजाचं. त्याचं दुसरं नाव इल्विकामिना. 'इल्विकात्ल' आकाश, 'मिना' म्हणजे बाण मारतो. धाकटा, कोर्तेस आला तेव्हा गादीवर असलेला, तो शोकोयोत्सिन. 'शोकोयो' म्हणजे शेंडेफळ. हा शब्द जरा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात परत भेटेल.

प्रश्न : ताई, राजांचं ठीक आहे. पण साध्या माणसांची नावं कशी होती, ती कोण ठेवायचं, आणि बायकांची नावं का दिसत नाहीत?

या पत्राची मी वाट बघत होते.

आधी नाव ठेवण्याबद्दल. मेंडोसा हस्तलिखिताच्या एका पानावर बारशाचा प्रसंग काढलाय. पाळण्यावर चार गोल फुलं आहेत, म्हणजे जन्माला चार दिवस झाले. सुईण बाळाला घेऊन येते. जमिनीवर चटई आहे, त्यावर पाण्याचं भांडं. ती बाळाला न्हाऊ घालते. बाजूला तीन लहान मुलगे बसलेत, त्यांच्यापुढे भाजलेला मका आणि शिजवलेले घेवड्याचे दाणे असा खाऊ आहे. न्हाणं झालं की सुईण त्या मुलांना सांगते, बाळाचं नाव मोठ्याने पुकारा. नाव पहिल्यांदा चारचौघांत जातं ते असं, खाऊ खात बसलेल्या तीन पोरांच्या तोंडून. राजवाडे आणि लढाया असलेल्या त्या हस्तलिखितात मी सगळ्यात जास्त वेळ याच पानावर घालवला आहे.

नाव पुष्कळदा पंचांगातून येई. २६० दिवसांचं चक्र, त्यात वीस दिवसचिन्हं आणि १ ते १३ आकडे. जन्म किंवा न्हाणं ज्या दिवशी, त्या दिवसाचं नाव. से आकात्ल म्हणजे 'एक बोरू', चिकोमे शोचित्ल म्हणजे 'सात फूल'. चित्रात फुलाशेजारी सात ठिपके. याशिवाय पशुपक्ष्यांची नावं होती, हत्यारांची होती. 'याओत्ल', शत्रू किंवा योद्धा, हे तर मुलग्यांचं नेहमीचं नाव.

आता साधी माणसं. १५६० साली वेशोत्सिंको या गावाची आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांची खानेसुमारी झाली. आज ते पुएब्ला राज्यात येतं. 'वेशोत्ल' म्हणजे वाळुंजाचं झाड, त्याला तोच आपला 'त्सिन' लागलेला, म्हणजे 'छोट्या वाळुंजापाशी'. ती खानेसुमारी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पान उघडलं की ओळीने माणसांची डोकी दिसतात. सगळी एकाच साच्यातली, केस कापलेले, नाक सरळ, नजर एकाच बाजूला. चेहऱ्यावरून कोणी ओळखू येत नाही. ओळख पटते ती डोक्याशेजारच्या छोट्या चित्रावरून. कोणापाशी ससा, कोणापाशी पीस, कोणापाशी साप. शेजारी रोमन लिपीत बाप्तिस्म्याचं ख्रिस्ती नाव आणि त्याला जोडून जुनं नाव. एकाच वस्तीत दोमिंगो आणि हुआन किती असतील याची कल्पना करा. कारकुनाला माणूस नेमका सापडायचा तो सशावरून किंवा सापावरून. हजारो माणसं आहेत अशी.

ही मोजणी प्रेमापोटी झालेली नव्हती. त्याच वर्षी वेशोत्सिंकोच्या गावसभेने स्पेनच्या राजाला, दुसऱ्या फेलिपेला, नाहुआत्लमध्ये पत्र लिहिलं. आमच्यावर १४,८०० पेसो आणि तितक्याच फानेगा (धान्याचं स्पॅनिश माप) मका एवढा कर बसवलाय, असा कर आमच्या बापजाद्यांनीही कधी पाहिला नाही, अशी त्यांची विनवणी होती. ते पत्र वाचून मग डोक्यांच्या रांगेकडे गेलं की पेसो आणि मका कोणाच्या घरातून निघणार होता ते समोर दिसतं. ससा असलेल्याच्या. पीस असलेल्याच्या. म्हणूनच एखादं चित्रनाव घाईने चुकीचं वाचलं तर मला ते नुसतं अभ्यासातलं चुकणं वाटत नाही. तो माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

बायकांकडे येते. कराच्या यादीत घरकर्ता मोजला जाई आणि तो बहुधा पुरुष असे, म्हणून बायकांची चित्रनावं कमी. त्या चित्रात ओळखायच्या त्यांच्या केसांवरून, कपाळावर दोन शिंगांसारख्या वर वळवलेल्या बटांवरून. पण मोरेलोस भागात त्याच शतकात नाहुआत्लमध्ये अक्षरांत लिहिलेल्या खानेसुमाऱ्या आहेत आणि त्यांत बायका घरोघर सापडतात. त्यांची नावं वाचताना सुरुवातीला मला वाटलं की नक्कल करणाऱ्याने तीच ती पानं परत लिहिलीत. तेयाकापान, त्लाको, तेइकु, शोको. पुन्हा तेयाकापान, पुन्हा त्लाको. म्हणजे थोरली, मधली, धाकटी, शेंडेफळ. जन्माचा क्रम हेच नाव.

'शोको' ओळखीचं वाटलं ना? शोकोयोत्सिन. सम्राटाच्या नावात आदराने जे आलं, तेच एखाद्या शेतकऱ्याच्या शेवटच्या मुलीला घरात हाक मारायला होतं.

प्रश्न : स्पॅनिश नावं आली तेव्हा या चित्रलिपीचं काय झालं? ती गप्प झाली का?

मुळीच नाही. नवे आवाज पकडायला ती आणखी चपळ झाली. स्पेनच्या राजाच्या वतीने मेक्सिकोचा कारभार बघणाऱ्या व्हाइसरॉय मेंडोसाचं नाव घ्या. मेंडोसाला नाहुआत्लमध्ये काही अर्थ नाही. मग लेखकाने घायपाताचं झुडूप काढलं, 'मेत्ल', आणि बिळं करणारा एक छोटा कुरतडा प्राणी काढला, 'तोसान'. मे-तोसान. मेंडोसाच्या पुरेसं जवळ. कोर्तेसचा सरदार पेद्रो दे आल्वारादो याच्यापाशी मात्र सूर्य काढलाय, कारण त्याच्या पिवळ्या केसांमुळे लोक त्याला 'तोनातिऊ' म्हणजे सूर्य म्हणत. एकीकडे आवाज लिहिला, दुसरीकडे लोकांनी ठेवलेलं टोपणनाव. दोन्ही रीती एकाच हाताला येत होत्या.

प्रार्थना पाठ करायलाही हीच युक्ती वापरत, असं मिशनऱ्यांनी लिहून ठेवलंय. लॅटिन 'पातेर नोस्तेर', म्हणजे 'आमच्या पित्या' या प्रार्थनेसाठी पताका, दगड, फड्या निवडुंगाचं बोंड, पुन्हा दगड. पान्त्लि, तेत्ल, नोच्त्लि, तेत्ल. पान-ते-नोच-ते.

पताकेबद्दल एक सावधगिरी, कारण दोन पत्रांत हीच चूक आहे. पताका 'पान' या आवाजासाठी येते, तशीच ती २० या आकड्यासाठीही येते. वस्तूवर रोवलेली पताका दिसली की आधी तपासा, पान कराचं आहे की नावांचं. घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर पताका असेल तर ती वीस घोंगडी आहेत, कोणाचं नाव नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मी एक दिवसचिन्ह पेन्सिलने उतरवून पाठवतोय. मला तो गरुड वाटतो, 'क्वाउत्लि'. बरोबर आहे का? असेल तर त्याचं नाव वाचता येईल.

तुझी रेघ छान आहे आणि तू चोच काळजीपूर्वक काढलीस, म्हणून उत्तर देता येतंय. पण हा गरुड नाही. मीही पूर्वी अगदी हीच चूक केली होती आणि ती एका लेखात छापूनही आली होती. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी लागली.

पंधरावं दिवसचिन्ह गरुड, 'क्वाउत्लि'. सोळावं 'कोस्काक्वाउत्लि', गिधाड. दोघांचीही चोच आकडीसारखी वळलेली असते, त्यामुळे चोचीवरून निकाल लागत नाही. डोकं बघ. गरुडाच्या डोक्यावर पिसं दाट असतात आणि मागे टोकदार उभी राहतात, पुष्कळदा पात्यांसारखी. गिधाडाचं डोकं उघडं असतं, कातडीला सुरकुत्या असतात, आणि लेखक त्याच्या कानात बऱ्याचदा दागिना घालतात. तुझ्या चित्रात कानापाशी जो छोटा गोल आहे, तो तू डाग समजून अर्धाच काढलास असं दिसतं. तो पूर्ण काढ.

नाव वाचायला अजून एक गोष्ट लागेल. पक्ष्याच्या भोवती किती ठिपके आहेत ते तू लिहिलेलं नाहीस. ते मोजून कळव. मूळ पानाचा फोटो असेल तर त्यात काठाजवळ बघ, कधी कधी एखादा ठिपका बाकीच्यांपासून सुटून कोपऱ्यात गेलेला असतो. तुझं चित्र या पत्रासोबत परत पाठवते आहे.